खालचा शब्द वर कसा जाणार?

उद्योगसंस्थांतून अलीकडे 'कम्युनिकेशन' या विषयाला भलताच भाव आला आहे. किनाऱ्यालगतच्या मोठ्या हॉटेलांतून या विषयावरील शिबिरे बारमाही चालू असतात. कंपनीच्या खर्चाने अधिकारी दोन दिवस वातानुकूलित दालनात बसतात. बोलताना हात कोठे ठेवावेत, समोरच्याच्या डोळ्यांत कितपत पाहावे, पत्राचा पहिला परिच्छेद किती ओळींचा असावा, पडद्यावरील एका चित्रात किती मुद्दे घ्यावेत, हे सारे एखादा चुणचुणीत वक्ता सफाईदार इंग्रजीत समजावून सांगतो आणि प्रमाणपत्रे घेऊन मंडळी परततात. या शिक्षणाला आमचा विरोध नाही. माणसाला नीट बोलता व नीट लिहिता यावे ही अपेक्षा रास्तच आहे. आमच्या टेबलावर येऊन पडणारी कंपन्यांची प्रसिद्धिपत्रके वाचताना तर ती वारंवार मनात येते. परंतु सोमवारी हाच अधिकारी कचेरीत जातो आणि हाताखालचा माणूस एखादी अडचण सांगावयास आला की 'रडगाणे नको, काम करून दाखवा' असे म्हणून त्याला वाटेला लावतो, तेव्हा ते दोन दिवसांचे शिक्षण कोठे गेले, असा प्रश्न पडल्यावाचून राहत नाही.

या इंग्रजी शब्दाला आमच्या पंडितांनी संज्ञापन, संप्रेषण, संदेशवहन असे अनेक प्रतिशब्द योजले आहेत. आम्हांला 'संवाद' हा जुनाच शब्द पुरेसा वाटतो, कारण त्यात दोन पक्ष गृहीत धरलेले आहेत. दवंडीत एकच पक्ष असतो. आमच्या बहुतेक कारखान्यांत व कचेऱ्यांत चालते ती दवंडीच होय. परिपत्रक काढले, फलकावर डकविले, खाली सही घेतली की वरिष्ठांचे काम संपले. ते कोणाला समजले, कोणाला पटले, कोणाच्या मनात त्याविषयी काय शंका आली, याची विचारपूस करण्याची रीत नाही. आमच्या देवळांतून कौल लावतात तेव्हा गाऱ्हाणे घालून माणूस तसाच पाठ फिरवून निघून जात नाही; पाकळी उजवी पडते की डावी हे पाहण्यासाठी तो तिष्ठत थांबतो. देवाच्या दारी आपण उत्तराची जितकी वाट पाहतो, तितकी हाताखालच्या माणसाच्या उत्तराची पाहत नाही.

व्यवस्थापनशास्त्राच्या आद्य आचार्यांना हे ठाऊक नव्हते असे मुळीच नाही. अमेरिकेतील न्यू जर्सीच्या दूरध्वनी कंपनीचा अध्यक्ष चेस्टर बार्नार्ड याने १९३८ साली कार्यकारी अधिकाऱ्याच्या कामासंबंधी एक ग्रंथ लिहिला. दूरध्वनीचाच धंदा करणाऱ्या या गृहस्थाने संवादाची व्यवस्था उभारणे व राखणे हे अधिकाऱ्याचे पहिले काम म्हणून सांगितले, यात नवल नाही. त्याचे दुसरे म्हणणे अधिक धारदार आहे. हुकमाचा अधिकार हुकूम देणाऱ्याच्या खुर्चीत नसून तो घेणाऱ्याच्या मान्यतेत असतो, असे तो म्हणतो. घेणाऱ्याला हुकूम समजला पाहिजे. संस्थेच्या हेतूशी तो विसंगत नाही असे त्याला वाटले पाहिजे. त्याच्या स्वतःच्या हिताच्या तो सर्वस्वी आड येता कामा नये. आणि तो पाळण्याचे सामर्थ्य त्याच्या अंगी असले पाहिजे. या चारांपैकी पहिलीच अट आमच्या औद्योगिक वसाहतींतील किती सूचनाफलक पुरी करतात, हे ज्याचे त्याने पाहावे.

बार्नार्डच्याही आधी, १९१६ साली, आंरी फायोल या फ्रेंच अभियंत्याने आपले विवेचन प्रसिद्ध केले. हा गृहस्थ कोळशाच्या खाणीत अभियंता म्हणून लागून त्याच कंपनीचा प्रमुख झालेला. त्यामुळे खाणीवाल्या गोव्याला तो परका वाटू नये. हुकमाची साखळी वरपासून खालपर्यंत अखंड असावी, असे त्याचे मत होते. मात्र दोन खात्यांतील बरोबरीच्या माणसांना एकमेकांशी तातडीने बोलावयाचे असेल, तर त्यांनी एका शिडीने वर चढून दुसऱ्या शिडीने खाली उतरत बसू नये; वरिष्ठांच्या संमतीने दोघांच्या मध्ये आडवी फळी टाकावी, असेही त्याने सांगून ठेवले. पावसाळ्यात ओहोळावर साकव घालतात, तशीच ही युक्ती. साकव नसला की हाकेच्या अंतरावरील घरी जावयास मैलभराचा वळसा पडतो, हे आमच्या खेड्यांतील पोरालाही समजते.

हे पुस्तकी ज्ञान उपलब्ध असताना मोठमोठ्या कंपन्यांत प्रत्यक्षात काय घडते, हे पाहावयाचे तर भोपाळची आठवण करावी लागते. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातील ६१० क्रमांकाच्या टाकीतून सुमारे चाळीस टन मिथिल आयसोसायनेट हा विषारी पदार्थ वायुरूपाने बाहेर पडला. मध्य प्रदेश सरकारने ३,७८७ मृत्यू प्रमाणित केले; प्रत्यक्ष बळी याहून कितीतरी अधिक, असे पीडितांच्या संघटना सांगत आल्या आहेत. या दुर्घटनेच्या यांत्रिक व आर्थिक कारणांची चर्चा पुष्कळ झाली आहे. टाकी थंड ठेवणारी यंत्रणा त्या वर्षीच्या मध्यापासून बंद होती, काटकसरीपायी माणसे कमी केली होती, हे सर्वश्रुत आहे. नाराज कामगाराने घातपात केला, असा कंपनीचा दावा होता, हेही येथे नमूद केले पाहिजे. पाणी टाकीत शिरले कसे, हा वाद बाजूस ठेवून, कोणाला काय ठाऊक होते आणि ते पुढे का गेले नाही, एवढ्याच अंगाने त्या इतिहासाकडे पाहिले तरी माणूस सुन्न होतो.

मे १९८२ मध्ये कंपनीच्याच अमेरिकन तज्ज्ञांनी भोपाळला येऊन पाहणी केली आणि विषारी द्रव्यांच्या गळतीचे संभाव्य धोके कागदावर नोंदविले. त्याच वर्षी राजकुमार केसवानी या स्थानिक पत्रकाराने आपल्या छोट्याशा साप्ताहिकातून शहराला सावध करणारे लेख लिहिले, आणि १९८४ च्या जूनमध्ये पुन्हा लिहिले. कोणी फारशी दाद दिली नाही. आमच्या व्यवसायातील माणसाला ही गोष्ट विशेष झोंबते. छोट्या पत्राचा मोठा इशारा हा बहुधा रद्दीच्या भावानेच जातो. सप्टेंबर १९८४ मध्ये, म्हणजे दुर्घटनेच्या अवघे तीन महिने आधी, वेस्ट व्हर्जिनियातील याच कंपनीच्या कारखान्यासंबंधी एक अंतर्गत अहवाल तयार झाला. पाणी शिरून साठ्याच्या टाकीत आवरता न येणारी रासायनिक क्रिया सुरू होऊ शकेल, असा इशारा त्यात होता. तो भोपाळला पाठविण्यात आला नव्हता, हे पुढे उघड झाले. तो प्रश्न तेथल्या कारखान्यापुरता होता, असे कंपनीचे म्हणणे पडले. असेलही. परंतु एकच पदार्थ, एकच मालक आणि एकच धोका असताना तो कागद टपालात टाकावयास किती खर्च आला असता? फायोलने सांगितलेला साकव दोन खंडांच्या मध्ये कोणी घातलाच नव्हता.

आणि मग ती रात्र. पाऊणेअकराच्या सुमारास पाळी बदलली. टाकीतील दाब आधीच्या पाळीत चौरस इंचाला दोन पौंड होता. अकरा वाजता नव्या पाळीतील माणसाने पाहिले तेव्हा तो दहा होता. दहा हाही नेहमीच्या मर्यादेतलाच आकडा, तेव्हा त्याला त्यात वावगे दिसले नाही. दोनाचे दहा झाले हे पाहावयाचे तर आदल्या पाळीच्या माणसाने ते सांगून जावयास हवे होते, अथवा नोंदवहीची आदली ओळ वाचण्याचा परिपाठ हवा होता. साडेअकराच्या सुमारास कामगारांचे डोळे चुरचुरू लागले. त्यांनी वरिष्ठाला सांगितले. गळती नेहमीचीच, चहानंतर पाहू, असे ठरले. हा निर्णय घेणाऱ्यांना आज शिव्या देणे सोपे आहे. रोज डोळे चुरचुरतात आणि रोज काही होत नाही, अशा जागी काम करणाऱ्या माणसाचे कान हळूहळू बधिर होतात. ही बधिरता त्या एका रात्रीत आलेली नव्हती. कारखान्यातील पुस्तिका व सूचना इंग्रजीत होत्या, आणि तेथील कित्येक कामगारांना ती भाषा धड वाचता येत नव्हती, ही बाबही पुढे वारंवार पुढे आली.

कारखान्याच्या कुंपणाबाहेर काय झाले ते याहूनही भयंकर. बाहेरच्या वस्तीला ऐकू जाणारा भोंगा थोडा वेळ वाजला आणि बंद करण्यात आला. आतला भोंगा चालू राहिला. लहानसहान गळतीने लोक उगाच घाबरू नयेत म्हणून रीतच तशी ठरविलेली होती. बाहेरचा भोंगा पुन्हा वाजला तेव्हा दोन वाजून गेले होते आणि माणसे रस्त्यावर पडू लागली होती. ओले फडके तोंडावर धरावे, वाऱ्याच्या दिशेने पळू नये, एवढे दोन शब्द शेजारच्या झोपडपट्ट्यांना कोणी कधी सांगितले असते, तर किती जीव वाचले असते याचा हिशेब कोणी मांडू शकणार नाही. इस्पितळातील डॉक्टरांनी विचारणा केली तेव्हा हा वायू अश्रुधुरासारखा आहे, प्राणघातक नाही, असे कंपनीच्या वैद्यकीय अधिकाऱ्याकडून सांगण्यात आले. लोकांना घाबरवू नये, हा त्या सर्व मौनामागचा हेतू. हा हेतू भला असतो असे आम्ही मानीत नाही. लोकांना खरे सांगितले तर लोक प्रश्न विचारतील, ही भीती त्यामागे अधिक असते.

भोपाळचे कामगार अडाणी, देश मागासलेला, म्हणून असे घडले, असा युक्तिवाद कोणी करील तर त्याला पुढचे उदाहरण द्यावे लागते. २८ जानेवारी १९८६ रोजी अमेरिकेचे 'चॅलेंजर' हे अंतराळयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांनी आकाशात फुटले आणि सात जण ठार झाले. यानाचे इंधनस्तंभ मॉर्टन थायोकोल या कंपनीने बनविलेले होते. त्यातील रबरी कड्या थंडीत ताठरतात आणि सांधा उघडा पडतो, हे त्या कंपनीच्या अभियंत्यांना ठाऊक होते. रॉजर बॉइजोली याने ३१ जुलै १९८५ रोजीच आपल्या वरिष्ठांना लेखी कळविले होते की यात माणसांचे प्राण जाऊ शकतात. उड्डाणाच्या आदल्या संध्याकाळी दूरध्वनीवर बैठक झाली. अभियंत्यांनी बारा अंश सेल्सियसखाली उड्डाण नको असे सांगितले. दुसऱ्या दिवशी तपमान त्याहून बरेच खाली असणार होते. 'नासा'च्या अधिकाऱ्यांनी नापसंती दर्शविली. ग्राहक नाराज झालेला पाहून कंपनीच्या वरिष्ठांनी आपसांत चर्चा केली. अभियांत्रिकीच्या प्रमुखाला अभियंत्याची टोपी उतरवून व्यवस्थापकाची टोपी घालावयास सांगण्यात आले, आणि 'नको'चे 'हो' झाले. या विरोधाची वार्ता उड्डाणाचा अखेरचा निर्णय घेणाऱ्या वरिष्ठांच्या कानापर्यंत पोहोचलीच नव्हती, असे चौकशी आयोगाला आढळले. हे सारे लोक उच्चविद्याविभूषित, एकाच भाषेत बोलणारे, उत्तम यंत्रसामग्रीने एकमेकांशी जोडलेले. अभियंत्यांनी आपले आकडे अधिक स्पष्ट मांडले असते तर, असेही काही अभ्यासक म्हणतात. मांडणीत उणीव असेलही. परंतु सहा महिने आधी लिहिलेल्या पत्रात अस्पष्ट असे काहीच नव्हते. ते वाचणाऱ्याला ते नको होते, इतकेच.

हुकूम पाण्यासारखा असतो. तो आपोआप उताराने खाली जातो. वाईट बातमी मात्र चढण चढावी लागणारी आहे. कामगार मुकादमाला सांगतो की यंत्र कोणत्याही क्षणी मोडेल. मुकादम पर्यवेक्षकाला सांगतो की यंत्र कुरकुरते आहे. पर्यवेक्षक व्यवस्थापकाला सांगतो की देखभालीचे थोडे काम निघाले आहे. आणि संचालक मंडळापुढे जाते ते 'उत्पादन समाधानकारक' हे वाक्य. प्रत्येक पायरीवर माणसाने थोडासाच पदर सारलेला असतो, कोणीही धडधडीत खोटे बोललेले नसते. ज्या संस्थेत वाईट बातमी आणणाऱ्याची बढती हुकते, तेथे वाईट बातमी येईनाशी होते आणि मालकाला वाटते की सर्व आलबेल आहे. भाषणकलेची शिबिरे यावर उपाय होऊ शकत नाहीत. आम्ही तर म्हणू की ती बोलण्याची न घेता ऐकण्याची घ्यावीत, आणि त्यांत प्रथम संचालकांना बसवावे.

गोव्यात या विषयाला आणखी एक अंग आहे, ते भाषेचे. पोर्तुगीज अमदानीत सरकारी फर्माने 'बोलेतीं ऑफिसियाल'मध्ये पोर्तुगीज भाषेत छापली जात; ती भाषा न येणाऱ्या बहुसंख्य रयतेला कायदा कळे तो दंड बसल्यावर. आज वेर्णे, कुंडई, करासवाडा येथील कारखान्यांत पेडणे-सत्तरीची मुले, कर्नाटकातून आलेले मजूर आणि ओडिशा-बिहारकडची माणसे शेजारी शेजारी उभी राहून काम करतात. त्यांच्या डोक्यावरील सूचना कोणत्या भाषेत आहे? राजभाषेचा वाद येथे उकरून काढण्याची आमची इच्छा नाही. त्यासाठी या स्तंभांत वेगळी जागा पुष्कळ खर्च झाली आहे. मराठी, कोकणी, कन्नड, हिंदी यांपैकी कामगाराला जी वाचता येते तीत सूचना असावी, आणि ज्याला वाचता येत नाही त्याला ती तोंडी सांगून त्याच्याकडून परत वदवून घ्यावी, इतकीच साधी गोष्ट आहे. 'समजले का?' असे विचारले की प्रत्येक जण मान डोलावतो. 'काय करशील ते सांग' असे विचारले की खरे काय ते कळते.

कुंपणाबाहेरच्या शेजाऱ्याशी न बोलण्याची किंमत काय पडते, याचा धडाही गोव्याला मिळालेला आहे. फोंडा तालुक्यातील केरीच्या पठारावर थापर-ड्यूपाँट कंपनीचा नायलॉन ६,६ प्रकल्प यावयाचा होता. प्रकल्पात काय साठविले जाणार, सांडपाणी कोठे जाणार, अपघात झाला तर जबाबदारी कोणाची, हे गावकऱ्यांचे प्रश्न होते. आणि भोपाळच्या बातम्या वाचून दहा वर्षे झालेल्या माणसांनी ते विचारणे स्वाभाविक होते. त्यांची समाधानकारक उत्तरे मिळाली असे गावाला कधी वाटले नाही. जानेवारी १९९५ मध्ये आंदोलन पेटले असताना पोलिसांच्या गोळीबारात निलेश नाईक हा तरुण मरण पावला. त्याच वर्षी कंपनीने गोव्यातून काढता पाय घेतला आणि प्रकल्प तामिळनाडूकडे वळविला. प्रकल्प यावयास हवा होता की नको, यावर आजही दोन मते आढळतील. केरीच्या लोकांना विश्वासात घेण्याचे काम कोणी प्रामाणिकपणे केले होते, असे मात्र त्या प्रकल्पाचे कैवारीही छातीठोकपणे सांगू शकत नाहीत.

सरकार यातून काही शिकले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. भोपाळनंतर १९८७ मध्ये कारखाना कायद्यात दुरुस्ती झाली. धोक्याच्या कारखान्याच्या मालकाने कामगारांना, अधिकाऱ्यांना आणि आसपासच्या जनतेला धोक्यांची व उपायांची माहिती दिलीच पाहिजे, असे कलम त्यात आले. प्राणावर बेतणारा धोका दिसल्यास तो वरिष्ठांच्या नजरेस आणण्याचा हक्क कामगाराला मिळाला. पुढे २०२० च्या नव्या संहितेत हा कायदा सामावून घेण्यात आला. कागदावर हे ठाकठीक आहे. परंतु जानेवारी २०२५ मध्ये, चाळीस वर्षांनी, भोपाळचा ३३७ टन विषारी कचरा जाळण्यासाठी इंदूरजवळच्या पिथमपूरला नेला, तेव्हा तेथील जनता रस्त्यावर उतरली आणि लोकांचा गैरसमज दूर करावयास मुदत हवी, असे सरकारला उच्च न्यायालयात जाऊन सांगावे लागले. कचऱ्याच्या पेट्या गावात येऊन पोहोचल्यावर समजूत घालावयास निघणे, याला काय म्हणावे? पुढे तो कचरा जाळून झाला. आधी सहा महिने गावात बसून बोलणे झाले असते, तर ते पोलीस बंदोबस्ताशिवायही होऊ शकले असते, असे आमचे मत आहे.

गोव्यातील धोक्याच्या कारखान्यांची यादी सरकारदरबारी आहे आणि आणीबाणीचे आराखडेही फायलींत आहेत. ते आराखडे ज्यांच्यासाठी केले त्यांच्यापैकी किती जणांनी पाहिले आहेत, हे जाणून घेण्यास अवघड काही नाही. वसाहतींना लागून असलेल्या पंचायतींच्या सरपंचांनी येत्या ग्रामसभेत कारखान्याच्या व्यवस्थापकाला बोलावून घ्यावे आणि भोंगा वाजला तर गावाने काय करावयाचे, कोणत्या बाजूला जावयाचे, शाळेतल्या मुलांना कोणी आणावयाचे, हे त्याच्याकडून गावच्या भाषेत वदवून घ्यावे. व्यवस्थापकाला ते सांगता येत नसेल, तर तो दिवस त्याने शिबिराऐवजी त्या ग्रामसभेत घालवावा.